तंबोरा जुळेपर्यंत भाकरी कोणाची?

हुबळी आणि धारवाड ही जुळी शहरे. दोहोंमधले अंतर सुमारे वीस किलोमीटरांचे, आणि या वाटेवरच रायापूर लागते. १९६२ साली दोन्ही शहरांची मिळून एकच महानगरपालिका झाली, तेव्हापासून मधली गावे हळूहळू शहराच्या पोटात गेली. आता या रुंद रस्त्यावरून ‘चिगरी’, म्हणजे हरणाच्या नावाच्या, जलद बसगाड्या धावत असतात. बाहेरगावच्या माणसाला रायापूर केव्हा आले आणि केव्हा मागे पडले, हे कळतही नाही.

परंतु या रायापुरात एक गोष्ट थांबून पाहण्याजोगी आहे. तेथे अक्षयपात्र संस्थेचे प्रचंड स्वयंपाकघर आहे. आसपासच्या शाळांतील हजारो मुलांचे दुपारचे जेवण रोज येथे शिजते आणि गाड्यांतून शाळाशाळांना पोहोचते. सरकारचे धान्य व अनुदान, देणगीदारांचा पैसा आणि संस्थेची व्यवस्था, अशा तीन हातांनी हे काम चालते. भुकेल्या मुलाला अक्षरे दिसत नाहीत, हे आपल्या समाजाला आता पटले आहे. त्यासाठी कोणाला व्याख्यान द्यावे लागत नाही.

याच परिसरातला एखादा मुलगा किंवा मुलगी मोठी होऊन जेव्हा म्हणते, ‘मला गाणे शिकायचे आहे’, किंवा ‘मला नाटक लिहायचे आहे’, किंवा ‘मला चित्रपट काढायचा आहे’, तेव्हा मात्र तिच्या ताटाचा प्रश्न एकाएकी तिचा खासगी प्रश्न होतो. गायकाचा गळा तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. या काळात त्याची मिळकत जवळजवळ शून्य, आणि खर्च मात्र दुसऱ्या कोणाही तरुणाइतकाच. ही दहा-बारा वर्षे कोणी निभवायची? कलेच्या भवितव्याची चर्चा आपण पुष्कळ करतो. पण तिचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

या मातीतले ताट

हा प्रश्न विचारायला हुबळी-धारवाडसारखे दुसरे ठिकाण नाही. हिंदुस्थानी संगीताच्या नकाशावर या टापूने जेवढी नावे लिहिली, तेवढी फार थोड्या प्रदेशांनी लिहिली असतील. सवाई गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हंगल, बसवराज राजगुरू, भीमसेन जोशी. आणि बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व. रसिक म्हणतात, धारवाडच्या पाण्यात गाणे आहे. आम्ही म्हणतो, पाण्यात असेल. पण भाकरी कोठून आली तेही पाहावे.

सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांचा जन्म १८८६ चा. कुंदगोळ हे गाव त्या वेळी जमखंडीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होते. रामभाऊंनी अब्दुल करीम खाँसाहेबांची शागिर्दी पत्करली. खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले. तेथे शिष्य गुरूच्या घरीच राहत आणि तेथेच जेवत. हा संसार चालायचा तो खाँसाहेबांच्या जलशांवर. गुरू तिकीट लावून गायचा आणि त्या पैशावर शिष्यांची पंगत उठायची. पुढे रामभाऊ मराठी रंगभूमीवर गाजले आणि नाटकाच्या पैशाने त्यांना उभे केले. त्यानंतर त्यांनी आपल्या घरी शिष्यांना शिकवले. गुरूचे घर हीच पहिली शिष्यवृत्ती होती.

मल्लिकार्जुन मन्सूर पोरवयात कानडी नाटक कंपनीत काम करीत होते. मिरजेच्या नीलकंठबुवांनी तो आवाज ऐकला आणि मुलाला मिरजेस नेले. तेथे काही वर्षे ग्वाल्हेर घराण्याची तालीम झाली; पुढे मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांच्याकडे जयपूर घराण्याचे दार उघडले. हे दोघे अल्लादियाखाँसाहेबांचे पुत्र. आणि अल्लादियाखाँ कोल्हापुरात स्थिरावले ते शाहू महाराजांच्या आश्रयाने. म्हणजे धारवाडच्या गाण्यात जो जयपूरचा डौल आला, त्याच्या मुळाशी करवीरच्या खजिन्यातील दाणापाणी आहे. कोल्हापूरकरांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

भीमसेन जोशी गुरूच्या शोधात अकराव्या वर्षी घरातून निघून गेले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या भटकंतीत ते ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयात काही काळ राहिले. हे विद्यालय १९१८ साली माधवराव शिंदे महाराजांनी पंडित भातखंडे यांच्या सल्ल्याने काढलेले. हिंडून हिंडून मुलगा अखेर आपल्याच प्रांतात परतला, आणि १९३६ च्या सुमारास कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारी त्याला खरा गुरू मिळाला.

गंगूबाई हंगल यांची गोष्ट याहून निराळी आहे. त्यांच्या मातोश्री अंबाबाई स्वतः कर्नाटकी संगीत गाणाऱ्या. मुलीच्या हिंदुस्थानी गाण्यावर आपल्या ढंगाची छाया पडू नये म्हणून त्यांनी स्वतःचे गाणे थांबवले. हुबळीहून कुंदगोळपर्यंत आगगाडीने जायचे, शिकायचे आणि परत यायचे, असा गंगूबाईंचा क्रम होता. संसाराचा भार त्यांच्याच खांद्यावर होता. त्यांच्यामागे ना संस्थान होते, ना कंपनी. त्यांना शिष्यवृत्ती दिली ती आईने, आणि ती पैशांत मोजता येणारी नव्हती. अशा दात्यांची नावे कोनशिलेवर कोरली जात नाहीत.

राजाश्रयाचे सुख आणि त्याचा शेवट

जुन्या काळी संस्थानिक कलावंतांना सांभाळीत, आता ते गेले आणि कलेचे छत्र हरपले, असे आपण हळहळत म्हणतो. हळहळ खोटी नाही. परंतु राजाश्रयाचा इतिहास नीट वाचला तर त्यातच त्याचा दोषही सापडतो.

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. मराठी नाटकाचा आरंभ आपण तेथून मोजतो. त्याच्या आदल्या वर्षी सांगलीस कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ झाले होते. ते पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांना वाटले की असे काही मराठीत, पण अधिक नेटके व्हावे. त्यांनी आपल्या पदरच्या विष्णुपंतांना आज्ञा केली, पैसा दिला, माणसे दिली. मराठी नाटकाचे पहिले बी कर्नाटकातून आले आणि पहिले पाणी संस्थानिकाने घातले. १८५१ साली आप्पासाहेब वारले. त्यांच्यामागून सांगलीच्या दरबारात तो आश्रय उरला नाही. भाव्यांना आपले बिऱ्हाड आणि नटमंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ साली ते मुंबईस पोहोचले आणि तेथे तिकिटे लावून खेळ केले.

या प्रसंगातून मराठी रंगभूमीला धंद्याचे पाय फुटले, म्हणून आपण त्याला इष्टापत्ती मानतो. पण त्यातले मर्म वेगळेच आहे. दाता एक, त्याची मर्जी एक. दाता गेला की दान संपले. एका माणसाच्या औदार्यावर कला उभी राहते, पण टिकत नाही. ‘धर्मादाय निधी’, ‘प्रतिष्ठान’, ‘विश्वस्त मंडळ’ या रूक्ष शब्दांचा जन्म याच अडचणीतून झाला. दात्याच्या मृत्यूनंतरही दान चालावे, त्याचा हिशेब चार लोकांपुढे राहावा, आणि घेणाऱ्याला कोणाच्या मर्जीकडे पाहावे लागू नये, एवढाच त्यांचा अर्थ.

शाहू महाराजांची गोष्टही या संदर्भात आठवते. त्यांनी कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभारले. १९१५ साली ते सुरू झाले आणि पुढे त्याला केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. महाराज १९२२ साली गेले. त्यांच्यामागे नाट्यगृह मात्र शंभरावर वर्षे राहिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले आणि सारे गाव हळहळले. माणसाच्या मागे वास्तू राहते, वास्तूलाही आग लागते. मागे राहण्याची खात्री कोणाचीच नाही. पण वास्तू जळाली तर ती पुन्हा बांधण्याची मागणी करणारे लोक मागे असतात, हा मोठा फरक.

हुबळीतला अठरा वर्षांचा मालक

केशवराव भोसले यांचे नाव निघालेच, तर हुबळीचे ऋण सांगितले पाहिजे. कोल्हापूरच्या गरीब घरातला हा मुलगा लहानपणीच नाटक कंपनीत गेला, ‘शारदे’च्या भूमिकेत गाजला; आणि १ जानेवारी १९०८ रोजी त्याने स्वतःची ‘ललितकलादर्श नाटक मंडळी’ काढली. ती मुंबईत नाही, पुण्यात नाही, तर हुबळीत! त्या वेळी त्याचे वय अठराही पुरते नव्हते. कानडी मुलखात मराठी नाटक कंपनी निघते आणि तेथले प्रेक्षक तिला जगवतात, ही गोष्ट आजच्या सीमेच्या वादात आपण विसरून जातो. केशवराव १९२१ साली ऐन तारुण्यात गेले. कंपनी मात्र बापूराव पेंढारकर आणि पुढे भालचंद्र पेंढारकर यांनी चालवली.

त्या काळची नाटक कंपनी म्हणजे नुसता धंदा नव्हता. ती शाळा होती, वसतिगृह होते आणि धर्मशाळाही होती. पोरगा कंपनीत शिरला की त्याच्या जेवणाची, कपड्यांची, तालमीची सोय लागायची. व्हटकर, पडदेवाले, साथीदार, सगळे एका पंगतीला. अर्थात, या पंगतीत जुलूमही असायचा. कोवळी मुले राबायची आणि आवाज फुटला की दुर्लक्षित व्हायची. ही दुसरी बाजू झाकून कंपनीच्या दिवसांचे गोडवे गाऊ नयेत.

पण कंपनीच्या मालकाने खऱ्या अर्थाने प्रतिष्ठानाचे काम केल्याचे एक उदाहरण कर्नाटकातच आहे. गुब्बी वीरण्णा यांच्या कानडी नाटक कंपनीत एक मुलगा होता, बी. व्ही. कारंत. त्याची ओढ पाहून वीरण्णांनी त्याला बनारसला शिकायला पाठवले. तेथे त्याने हिंदीचे उच्च शिक्षण घेतले आणि ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे गाणे शिकले. पुढे हा मुलगा दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा संचालक झाला आणि भारतीय रंगभूमीच्या संगीताला त्याने नवे वळण दिले. वीरण्णांनी त्या मुलाला कंपनीतच ठेवला असता तर त्यांना एक कामाचा नट मिळाला असता. त्यांनी त्याला सोडला, म्हणून देशाला एक दिग्दर्शक मिळाला. दान देताना हात मोकळा सोडावा लागतो, तो असा.

गदगचा आश्रम

संस्थान नको, धंदा नको, तर तिसरी वाट कोणती? ती पाहायची असेल तर हुबळीहून गदगला जावे. गदग हे १९९७ पर्यंत धारवाड जिल्ह्यातच होते. तेथे वीरेश्वर पुण्याश्रम आहे. हानगलच्या कुमारस्वामींच्या प्रेरणेने पंचाक्षरी गवई यांनी हे काम उभे केले. गवई जन्मांध. त्यांनी अंध, अनाथ आणि गरीब मुलांना गोळा केले. त्यांना जेवण, राहणे आणि संगीत, तिन्ही विनामूल्य दिले. बसवराज राजगुरू हे त्यांचेच शिष्य.

पैसा कोठून आला? प्रथम त्यांनी मुलांना घेऊन गावोगाव हिंडून दान मिळवले. पुढे स्वतःची नाटक मंडळी काढली आणि नाटकाच्या उत्पन्नावर आश्रम चालवला. १९४४ साली पंचाक्षरी गवई वारले. येथे सांगलीसारखेच व्हायचे होते. दाता गेला, दान संपायचे होते. ते संपले नाही. त्यांचे शिष्य पुट्टराज गवई, तेही दृष्टिहीन, यांनी काम पुढे चालवले आणि २०१० साली देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. भाविकांनी त्यांची शेकडो वेळा तुला केली आणि तुलेतले नाणे न् नाणे आश्रमाच्या कोठीत गेले. एका माणसाचे वजन शेकडो वेळा मोजून हजारो मुलांची पोटे भरली गेली.

या आश्रमाचे यश त्याच्या प्रसिद्ध शिष्यांवरून मोजले जाते. आम्हांला ते दुसऱ्याच गोष्टीत दिसते. तेथून बाहेर पडलेल्या अनेकांची नावे कोणत्याही वर्तमानपत्रात आली नसतील. पण कोणी शाळेत संगीतशिक्षक झाला, कोणी कीर्तनकार, कोणी तबल्याची साथ करू लागला. ज्यांच्यापुढे भिकेशिवाय दुसरे काही नव्हते, त्यांच्या हाती कला हे उपजीविकेचे साधन आले. धर्मादाय निधीने दर वेळी भीमसेनच घडवावा, ही अपेक्षा चुकीची. शंभर मुलांना जेवू घालून त्यातून एखादा मोठा कलावंत निघतो. पण त्या एकासाठी उरलेल्या नव्व्याण्णवांनाही जेवू घालावे लागते. हा हिशेब ज्याला पटत नाही, त्याने कलेसाठी दान करू नये.

शिष्यवृत्तीवरचे नाटककार

आता नाटकाकडे वळू. गिरीश कर्नाड यांचे नाव घेतल्याशिवाय धारवाडची गोष्ट पुरी होत नाही. ते शिकले धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात. तेथून त्यांना र्‍होड्स शिष्यवृत्ती मिळाली आणि १९६० साली ते ऑक्सफर्डला गेले. निघण्याच्या त्या घालमेलीतच त्यांनी ‘ययाति’ लिहिले. घर सोडून परदेशी जाणाऱ्या मुलाचे आणि आईबापांचे नाते त्यांना छळत होते, आणि ते महाभारतातल्या कथेतून बाहेर पडले. १९६१ साली धारवाडच्या ‘मनोहर ग्रंथमाले’ने हे नाटक छापले. जी. बी. जोशी यांनी १९३३ साली काढलेली ही ग्रंथमाला म्हणजे एका माणसाच्या हौसेतून उभी राहिलेली संस्था. नवख्या लेखकाचे पहिले पुस्तक छापण्याचे धाडस तिने केले.

पुढे १९७० ते १९७२ या काळात कर्नाडांना होमी भाभा अभ्यासवृत्ती मिळाली. डॉ. भाभा १९६६ साली विमान अपघातात गेले. त्यांच्या स्मृत्यर्थ ही अभ्यासवृत्ती सुरू झाली. अणुशास्त्रज्ञाच्या नावाने नाटककाराला पोटापाण्याची मोकळीक मिळावी, ही कल्पनाच किती उमदी! याच वर्षांत ‘हयवदन’ आणि कारंतांबरोबर काढलेला ‘वंशवृक्ष’ हा चित्रपट आला. मराठीत विजय तेंडुलकर यांना १९७३-७४ साली जवाहरलाल नेहरू अभ्यासवृत्ती मिळाली होती, हेही येथे आठवावे.

या अभ्यासवृत्त्यांचे वैशिष्ट्य काय? त्यांनी कलावंताला दोन वर्षे दिली. ‘अमुक दिवशी अमुक नाटक सादर करा’ असे बजावले नाही. लेखकाला पैशापेक्षा जास्त टंचाई असते ती वेळेची, आणि वेळ विकत घेण्याला पैसा लागतो. अभ्यासवृत्ती म्हणजे लेखकासाठी विकत घेतलेला वेळ.

कॅमेऱ्यामागची थैली

गाण्याला तंबोरा पुरतो, नाटकाला चार फळ्या पुरतात. चित्रपटाला मात्र पहिल्या दिवसापासून थैली लागते. आणि मराठी चित्रपटाच्या थैलीची गोष्टही याच परिसराभोवती घुटमळते.

शांताराम वणकुद्रे हा कोल्हापूरचा मुलगा काही काळ गंधर्व नाटक मंडळीत होता. पुढे त्याचे कुटुंब हुबळीला आले. तेथे त्याने रेल्वेच्या कारखान्यात काम केले आणि एका सिनेमागृहातही किरकोळ नोकरी केली. पडद्यावरची जादू त्याने हुबळीत, नोकराच्या जागेवरून पाहिली. १९२० साली तो कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरला. आणि ही कंपनी कोणाच्या पैशावर उभी होती? तानीबाई कागलकर या गायिकेच्या! गाण्यावर मिळवलेला पैसा एका बाईने चित्रपटाच्या वेड्या प्रयोगात घातला. तिने तो घातला नसता तर बाबूराव पेंटरांचा कॅमेरा फिरला नसता, आणि मग शांताराम, दामले, फत्तेलाल यांची शाळाच भरली नसती. १९२९ साली प्रभात निघाली, १९३३ साली ती पुण्यास गेली. आणि १९६० साली त्याच प्रभातच्या आवारात सरकारची चित्रपटसंस्था सुरू झाली. १९७४-७५ साली या संस्थेचे संचालक होते गिरीश कर्नाड. धारवाड, हुबळी, कोल्हापूर आणि पुणे यांच्यामधली ही ये-जा अशी शतकभर चालली आहे.

आजच्या काळातले उदाहरण हवे असेल तर चैतन्य ताम्हाणे यांचे घ्यावे. ‘कोर्ट’ हा त्यांचा चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ही पटकथा लिहिण्याच्या काळात विवेक गोंबर या नटाने त्यांना दरमहा ठरावीक रक्कम दिली, म्हणजे पोटाची चिंता न करता लिहिता यावे. रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीनेही मदत केली. पुढे २०१६ साली रोलेक्स कंपनीच्या गुरु-शिष्य योजनेत त्यांची निवड झाली आणि आल्फोन्सो क्वारोन यांच्याजवळ राहून शिकण्याची संधी मिळाली. या घड्याळांच्या कंपनीची मालकी कोणा शेठजीकडे नाही. ती तिच्या संस्थापकाने स्थापलेल्या धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहे.

त्यानंतर ताम्हाणे यांनी कोणता चित्रपट काढला? ‘द डिसायपल’, म्हणजे शिष्य; २०२०. हिंदुस्थानी गाणे शिकणाऱ्या एका मराठी तरुणाची ही कथा. तो वर्षानुवर्षे रियाज करतो, आजारी गुरूची सेवा करतो, जुन्या ध्वनिफितींची विक्री करून दिवस काढतो; आणि तरीही त्याला हवी ती उंची गाठता येत नाही. व्हेनिसला या चित्रपटाला पटकथेचे पारितोषिक मिळाले. ज्याला चांगला गुरू आणि वेळेवर पैसा मिळाला, त्या दिग्दर्शकाने ज्याला वेळेवर काहीच मिळाले नाही अशा शिष्याची गोष्ट सांगितली. आमच्या प्रस्तुत विषयावर याहून चांगले भाष्य शोधून सापडणार नाही.

शाल की शिधा?

आज परिस्थिती अगदीच कोरडी आहे असे नाही. केंद्र सरकारची तरुण कलावंतांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. संगीत नाटक अकादमीने २००६ पासून चाळिशीच्या आतील कलावंतांसाठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार ठेवला. कोलकात्यात तंबाखूच्या धंद्यातून मोठ्या झालेल्या कंपनीने १९७७ च्या सुमारास संगीत संशोधन अकादमी काढली. तेथे गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहतात. आपले उल्हास कशाळकर तेथेच गुरू म्हणून गेले. बंगळूरची ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ ही संस्था १९९५ पासून नाटक, नृत्य, संगीत, चित्रपट अशा कामांना अनुदाने देत आली. हुबळीला उणकल भागात कर्नाटक सरकारने गंगूबाईंच्या नावे गुरुकुल उभारले. शिष्यांनी तेथे राहून, विनामूल्य जेवून गाणे शिकावे ही योजना. धारवाडात मन्सूर आणि राजगुरू यांच्या नावे स्मारक विश्वस्त मंडळे आहेत. ती ज्येष्ठांबरोबर तरुणांनाही पुरस्कार देतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितले, आणि त्या कामांच्या यादीत कला व संस्कृतीही आहे.

मग अडचण कोठे आहे? अडचण पुरस्कार आणि वेतन यांतल्या फरकात आहे. आपल्या समाजाला पुरस्कार द्यायला आवडतो. एक संध्याकाळ, एक शाल, एक श्रीफळ, एक छायाचित्र. देणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी छापून येते. पुरस्कार झाड फळाला आल्यावर दिला जातो. रोपाला पाणी घालताना छायाचित्र काढायला कोणी येत नाही. पंचवीस हजारांची थैली एकदा देण्यापेक्षा महिन्याला दोन हजार रुपये वर्षभर देणे जवळपास तेवढ्याच खर्चाचे. पण त्या पोराच्या खोलीच्या भाड्याचा काही भाग वर्षभर नक्की सुटतो. शाल पांघरून पोट भरत नाही. आम्हांला पुरस्कारांचा राग नाही. पण दहा पुरस्कारांमागे एक तरी शिधा असावा.

दुसरी अडचण मुदतीची. तीन महिन्यांची कार्यशाळा आणि सहा महिन्यांचा प्रकल्प, असा हल्ली संस्थांचा वसा झाला आहे. वर्षाअखेर अहवाल लागतो, अहवालात आकडे लागतात. पण यमन सहा महिन्यांत ‘पूर्ण’ होत नाही. ज्याला गायक घडवायचा आहे त्याने निदान पाच वर्षांची बांधिलकी पत्करली पाहिजे.

तिसरी गोष्ट गुरूची. शिष्याला मदत करताना गुरूला विसरून चालत नाही. जुना गुरू शिष्यांना घरी जेवू घालीत असे, कारण त्याच्यामागे संस्थान किंवा जलसे होते. आजचा गुरू भाड्याच्या घरात राहतो आणि शिकवण्यांवर जगतो. त्याने दोन शिष्य घरी ठेवावेत ही अपेक्षा करायची असेल तर त्याच्या घराला हातभार लागला पाहिजे. सरकारी गुरुकुल असो वा खासगी, गुरूंचे मानधन वेळेवर पोहोचले तरच वर्गातला सूर वेळेवर लागतो.

चौथी गोष्ट लहान, पण कामाची. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपण अभिमानाने ते सांगतो. पण नवा चांगला तंबोरा घेणे गरीब विद्यार्थ्याला परवडत नाही, म्हणून तो मोबाईलमधल्या यंत्र-तंबोऱ्यावर रियाज करतो. एखाद्या प्रतिष्ठानाने दर वर्षी पाच तंबोरे मिरजेच्या कारागिरांकडून विकत घेऊन पाच विद्यार्थ्यांना दिले, तर शिष्याच्या हाती वाद्य येईल आणि कारागिराच्या घरी चूल पेटेल. हे करायला कोणी कोट्यधीश असावे लागत नाही. एखाद्या पतसंस्थेच्या वा व्यापारी मंडळाच्या आवाक्यातले हे काम आहे. चित्रपटाचेही तसेच. तालुक्याच्या गावातल्या पोराला पूर्ण चित्रपटाचा खर्च देणे कठीण. पण पटकथा लिहिण्यापुरते सहा महिन्यांचे जेवणखर्च देणे कठीण नाही. कागदावर जे नीट उतरले नाही, ते पुढे कितीही पैसा ओतून पडद्यावर उतरत नाही.

आणि शेवटची गोष्ट भाषेची. धारवाडच्या कानडी मुलाला मिरजेच्या गुरूने नेले, सांगलीच्या मराठी नाटकाला कानडी भागवतांनी वाट दाखवली, कोल्हापूरच्या केशवरावांना हुबळीने डोक्यावर घेतले. तेव्हा कोणी विचारले नाही, की हा मुलगा कोणत्या राज्याचा? आजच्या योजनांच्या अर्जात मात्र रहिवासाचा दाखला पहिल्या पानावर मागितला जातो. सरकारला ते भाग असेल. खासगी प्रतिष्ठानांना ते भाग नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांसाठी खुली असलेली एखादी शिष्यवृत्ती, सांगली-कोल्हापूर-बेळगाव-धारवाड या पट्ट्यातील दात्यांनी मिळून काढावी, तिला कोणाचेही नाव द्यावे. तिचे मोल एखाद्या मोठ्या पुतळ्याहून अधिक राहील.

कुंदगोळला नाडगीरांच्या वाड्यात सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीला गाणे होते, आणि पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव १९५३ पासून भरतो. तेथील हजारो श्रोत्यांनी एवढेच ध्यानात धरावे, की आज मंचावर जो निर्धास्त षड्ज लागतो, त्यामागे कधी काळी कोणाच्या तरी घरची भाकरी होती. आईची, गुरूची, संस्थानची, आश्रमाची किंवा तिकिटाच्या पैशाची. रायापूरच्या कढईत रोज सकाळी हजारो मुलांचा भात शिजतो. त्यांतल्याच एखाद्या मुलीला उद्या गाणे शिकावेसे वाटेल. तिच्या पुढच्या दहा वर्षांच्या भाताची तरतूद कोण करणार, हे ठरवण्याचे काम तिचे नाही. ते आपले, ऐकणाऱ्यांचे आहे.